कडकनाथ जातिवंत ठेवायचा तर: पहिल्या तीन पिढ्यांचं काम

काळी पिसं, काळी चोच, काळे पाय दिसले की कोंबडी कडकनाथ, असा बाजाराचा हिशोब आहे. पैदास करणाऱ्याला तो परवडत नाही. कडकनाथाच्या सगळ्या गुणांत काळेपणा हाच पुढच्या पिढीत सर्वांत सहज उतरतो. गावरान कोंबड्यांत एक कडकनाथ कोंबडा सोडला तरी पहिल्याच पिढीत काळीभोर पिल्लं निघतात. उलट अंगाची ठेवण, वजनाचा बेत, अंड्यांचं प्रमाण, मोकळ्यावर तग धरण्याची ताकद हे गुण दोन-तीन पिढ्यांत कधी निसटतात ते कळतही नाही. मांस-अंड्यांच्या धंद्याचं गणित या लेखात नाही. थोड्या पक्ष्यांवर कडकनाथाचा वाण वर्णनाबरहुकूम जपायचा असेल, तर पहिल्या तीन पिढ्या काय करायचं, एवढंच इथं सांगतो.

आधी कागदावर पक्षी उभा करा

ब्रिटनमध्ये १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली कोंबड्यांच्या जातींची मानकं छापली गेली. तिथं प्रदर्शनं भरतात, पंच गुण देतात, आणि तुऱ्याला किती नि पायाला किती गुण हे ठरलेलं असतं. आपल्याकडे देशी कोंबड्यांसाठी अशी गुणांची पद्धत रुजलेली नाही. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. ही संस्था देशी जातींची नोंदणी करते आणि त्यांचं वर्णन प्रसिद्ध करते. आपलं मानक ते. (आपल्या नवापूर भागातली बुसरा कोंबडीही या यादीत आहे. तिच्याकडे कडकनाथाच्या निम्म्यानंही कुणाचं लक्ष नाही, ही खेदाची गोष्ट. पुढची पद्धत तिलाही जशीच्या तशी लागू पडते.)

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. ब्यूरोचं वर्णन गावागावांत दिसलेल्या पक्ष्यांवरून केलेलं असतं. पक्षी कसा असतो हे त्यात मिळतं, त्यांतला उत्तम कुठला हे मिळत नाही. म्हणून त्या वर्णनावरून स्वतःचं एक पान तयार करा आणि ते खुराड्याच्या दारात लावा. कडकनाथाच्या पानावर साधारण हे यायला हवं:

मूळ प्रदेश मध्य प्रदेशातला झाबुआ, अलीराजपूर आणि धारचा पट्टा. भिल्ल आणि भिलाला समाजांनी सांभाळलेला पक्षी. रंगाचे तीन प्रकार: पूर्ण काळा, मानेवर पांढुरक्या रेघांचा ‘पेन्सिल्ड’, आणि मानेवर सोनेरी झाक असलेला ‘गोल्डन’. तुरा एकेरी, करवतीच्या दात्यांसारखा. तुरा, चोचीखाली लोंबणारी कातडी आणि जीभ जांभळट. कातडी, चोच, पायाच्या नळ्या, बोटं आणि तळवे पाटीच्या रंगाचे. पायाला चार बोटं, नळ्यांवर पिसं नाहीत. एक दिवसाचं पिल्लू निळसर काळं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. मोठा कोंबडा १.८ ते २ किलो, कोंबडी १.२ ते १.५ किलो. पहिलं अंडं सहा महिन्यांच्या आसपास, वर्षाला ८० ते १०० अंडी. अंडी फिक्या तपकिरी रंगाची.

काळी अंडी दाखवून कुणी ‘अस्सल’ म्हणत असेल तर ती रंगवलेली आहेत. रक्तही काळं नसतं. नेहमीपेक्षा गडद असतं, पण लालच.

तिन्ही रंग एकाच कळपात मिसळू नका. सुरुवातीला एकच प्रकार निवडा. पूर्ण काळा सोपा वाटतो, पण संकर त्यातच सर्वांत छान लपतो. पेन्सिल्डमध्ये मानेवरच्या रेघांचा साचा बिघडला की डोळ्याला लगेच खटकतो. माझा कल पेन्सिल्डकडे आहे.

काळा रंग फसवतो कसा

हा भाग सावकाश वाचा, कारण पुढची सगळी निवड यावर उभी आहे.

आतपर्यंतचा काळेपणा प्रामुख्याने एका जनुकामुळे येतो. या काळेपणाला फायब्रोमेलानोसिस म्हणतात. त्या जनुकाला आपण ‘काळं जनुक’ म्हणू. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची अयाम सेमानी यांच्यातही तेच आहे. हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून मिळालं तरी पिल्लू काळं होऊ शकतं. अशी एकेरी काळी कोंबडी दुहेरी (दोघांकडून जनुक मिळालेल्या) कोंबडीपेक्षा किंचित फिकी असेलही, पण नुसत्या नजरेवर विसंबून निवाडा करता येत नाही.

दुसरं एक जनुक कातडीतला काळेपणा रोखतं. फिक्या किंवा पिवळ्या पायाच्या गावरान कोंबड्यांत हे ‘रोखणारं’ जनुक असतं. ते लिंगाशी जोडलेलं आहे: कोंबडी ते फक्त आपल्या मुलग्यांना देते, मुलींना देत नाही. आता कडकनाथ कोंबडा आणि फिक्या पायाची गावरान कोंबडी अशी जोडी लावा. मुलींना बापाकडून काळं जनुक मिळतं आणि आईचं रोखणारं जनुक मिळत नाही, म्हणून त्या छान काळ्या निघतात. मुलग्यांना दोन्ही मिळतात, म्हणून ते बरेच फिके पडतात. जोडी उलटी लावली, म्हणजे गावरान कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी, तर मुलगे-मुली दोन्ही फिके.

बाजारातली फसवणूक नेमकी इथं होते. संकरातले नर मांसाला जातात आणि काळ्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) ‘प्युअर कडकनाथ’ म्हणून विकल्या जातात. त्यामुळे कुणी नुसत्याच तलंगा विकत असेल तर एक मागणी करा: यांचे भाऊ दाखवा. भाऊ दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघा. पायाच्या नळ्या मुळातच काळपट असलेल्या गावरान कोंबडीत रोखणारं जनुक नसतं, तिच्या संकरातले भाऊही काळे निघतात. म्हणजे ही परीक्षा सगळ्याच ठिकाणी पुरत नाही. तरी बऱ्याच ठिकाणी पुरते.

बीज आणताना

झाबुआचं कृषी विज्ञान केंद्र आणि मध्य प्रदेशातली सरकारी उबवणी केंद्रं इथून सुरुवात करावी. नंबर लागतो, वाट पाहावी लागते, पाहावी. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय महाविद्यालयं आणि कृषी विज्ञान केंद्रांकडे चौकशी करावी, आणि पक्षी कुठून आले ते विचारावं. ‘आमच्याकडून पिल्लं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं परत घेतो’ अशा योजनांपासून लांब राहा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात असल्याच योजनेत पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. शिवाय असल्या साखळीत वाण कुणीच तपासत नाही.

एक कोंबडा आणि चार कोंबड्या घेऊन सुरुवात करण्याचा मोह होतो. त्यात निवडीला वावच राहत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी नातं नसलेल्या दोन-तीन ठिकाणांहून मिळून १०० ते १२५ पिल्लं आणा, सगळी वाढवा आणि त्यांतून तीन कोंबडे आणि २४ कोंबड्या ठेवा. प्रत्येक कोंबड्यामागे एक राखीव कोंबडाही. बाकीचे पक्षी विकून बराच खर्च निघतो.

मोठा पक्षी घेणार असाल तर हातात घेऊन बघा. तोंड उघडा: जीभ आणि टाळू. छातीवरची पिसं फुंकून बाजूला करा: कातडी. मग तळवे, बोटांमधली कातडी, गुदद्वाराभोवतीची जागा. दाखवायचा भाग सगळे राखतात, तळवे कुणी राखत नाही. पांढरट-गुलाबी तळवे आणि काळी पिसं असतील तर ऑस्ट्रॉलॉर्प या परदेशी जातीचं रक्त असू शकतं. त्याची पिसं काळी, नळ्या काळपट, पण कातडी पांढरी आणि तळवे गोरे. पाचवं बोट किंवा डोक्यावर पिसांची टोपी दिसली तर सिल्कीचा संशय घ्या. कोंबड्याचा तुरा वयात आल्यावर थोडा लालसर जांभळा होतो, तेवढ्यावरून त्याला बाद करू नका.

तीन खण, तीन घराणी

पक्षी वयात आले की तीन खण करा: अ, ब, क. प्रत्येक खणात एक कोंबडा आणि आठ कोंबड्या. शक्यतो एका ठिकाणाहून आलेले पक्षी एका खणात राहू द्या. त्याआधी सगळे एकत्र फिरत असतील तर वेगळे केल्यानंतरची तीन आठवड्यांची अंडी उबवायला घेऊ नका. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. घाई केली की बाप कोण हे कधीच कळणार नाही, आणि नोंदींची सगळी वही फुकट जाईल.

पुढच्या वर्षी ‘अ’मधले निवडलेले मुलगे ‘ब’मध्ये जातात, ‘ब’मधले ‘क’मध्ये, ‘क’मधले ‘अ’मध्ये. मुली आईच्याच खणात राहतात. त्याच्या पुढच्या वर्षीही हेच. बहीण-भाऊ एकत्र येत नाहीत आणि लक्षात ठेवायलाही सोपं.

तीन कोंबडे कशाला, एक जोमदार पुरे, असं वाटेल. हिशोब करून पाहू. दर पिढीला सगोत्रपणा, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, किती वाढतो हे काढायचं साधं सूत्र आहे: १ भागिले नरांच्या संख्येची आठपट, अधिक १ भागिले माद्यांच्या संख्येची आठपट. एक नर आणि २४ माद्या असतील तर दर पिढीला सुमारे १३ टक्के. तीन नर आणि त्याच २४ माद्या असतील तर ४.७ टक्के. सहा नर ठेवले तर २.६ टक्के. माद्या दुप्पट केल्यानं फारसा फरक पडत नाही, नर वाढवल्यानं पडतो. चारा वाचवायचा असेल तर तो नरांवर वाचवू नका. सगोत्रपणा वाढला की पहिला फटका अंडी फळण्याला आणि पिल्लं जगण्याला बसतो. रंग मात्र तसाच काळा राहतो, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

अंडी, उबवणी, खुणा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पैदाशीची उबवणी डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावी असं माझं मत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात नरांचं बीज मंदावतं आणि अंडी उबवणीआधीच बिघडतात. पावसाळ्यात ओल्या तुसात रक्ती हगवण पिल्लांना गाठते.

अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. अंड्यावर पेन्सिलनं खणाचं अक्षर आणि तारीख घाला. निमुळतं टोक खाली ठेवून थंड जागी साठवा, आठवड्याहून जुनं अंडं लावू नका. बेढब, अति लहान, खरबरीत कवचाची अंडी खायला काढा. खुडूक कोंबडीखाली उबवत असाल तर एका वेळी एकाच खणाची अंडी ठेवा. यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५० ते ५५ टक्के. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. याच दिवशी प्रत्येक खणाची अंडी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात घाला. एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं एका ट्रेमध्ये मिसळली तर त्यांना वेगळं करण्याचा कोणताही उपाय नाही.

पिल्लू कोरडं झालं की लगेच खूण. दोन्ही पायांच्या बोटांमधल्या कातडीत मिळून चार जागा मिळतात. कुठे छिद्र पाडलं आणि कुठे नाही यावरून १६ प्रकारच्या खुणा होतात. तीन खणांना आणि दोन-तीन वर्षांना तेवढ्या पुरतात. छिद्र स्वच्छ आणि पूर्ण पडलं पाहिजे, नाहीतर भरून येतं. आठ आठवड्यांनी निवडलेल्या पक्ष्यांना पंखात नंबराचा पत्रा किंवा पायात कडं.

पिल्लांचं संगोपन इतर कोंबड्यांसारखंच आहे, म्हणून थोडक्यात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी. लसी अशा: पहिल्या दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो, चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा, सहा-सात आठवड्यांनी देवीची, आठव्या आठवड्यात मानमोडीसाठी आर टू बी. तुमच्या भागातला पशुवैद्यक वेळापत्रक थोडं बदलेल, त्याचं ऐका. पैदाशीच्या दृष्टीनं महत्त्वाची एकच गोष्ट: तिन्ही खणांच्या पिल्लांना एकच खाद्य, एकच जागा, सारखीच गर्दी. ‘अ’ची पिल्लं उबेजवळ आणि ‘क’ची कोपऱ्यात वाढली, तर वजनातला फरक घराण्याचा की जागेचा हे सांगता येणार नाही.

निवड: चार वेळा, चार नजरांनी

पहिली निवड पहिल्याच दिवशी. पोट न मिटलेलं, पाय फाकलेलं, चोच वाकडी असं पिल्लू पैदाशीच्या यादीतून बाद. फिक्या कातडीचं किंवा गोऱ्या पायाचं पिल्लू दिसलं तर ते मात्र टाकून देऊ नका, वहीत लिहा. ते का, ते पुढे येतं.

दुसरी आठ आठवड्यांनी. यावेळी वजन करा आणि वाढ बघा. सर्वांत वजनदार पिल्लू निवडायची सवय ब्रॉयलरनं आपल्याला लावली आहे. कडकनाथात ती महागात पडते, कारण फार झपाट्यानं वाढणारं पिल्लू बहुधा मानकाच्या बाहेरचं असतं. कधीकधी बाहेरच्या रक्ताचंही. मधल्या गटातलं, सरळ पाठीचं, चपळ पिल्लू ठेवा.

तिसरी पाच-सहा महिन्यांनी, आणि खरी निवड हीच. आता पान खुराड्याच्या दारातून काढून हातात घ्या. एकेक पक्षी धरून बघा: तुरा, जीभ, तळवे, कातडी, मानेच्या पिसांचा साचा, छातीचं हाड सरळ आहे का, पाय गुडघ्यात आत वळले आहेत का. लंगड्या पायाचा देखणा कोंबडा ठेवण्यापेक्षा साधा दिसणारा धडधाकट ठेवा. रंगातली उणीव पुढच्या पिढीत सुधारता येते, सांगाड्यातली फार हळू सुधारते. माणसावर झेप घेणारा कोंबडाही याच वेळी बाद. हा स्वभाव अंशतः वारशानं येतो, आणि खणात रोज शिरायचं तुम्हालाच आहे.

चौथी निवड कोंबड्यांनी चार-पाच महिने अंडी दिल्यावर. कोणती कोंबडी किती देते हे आठ कोंबड्यांच्या खणात नजरेनं कळत नाही. महिन्यातून आठवडाभर प्रत्येकीला आळीपाळीनं वेगळ्या डालग्यात ठेवून मोजा, किंवा आत गेली की दार पडणारं घरटं बनवून घ्या. दुसऱ्या वर्षीही जोमात असलेल्या कोंबडीची पिल्लं जास्त वापरावीत. तिनं एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेला असतो, आणि मोकळ्यावरच्या पक्ष्याची त्याहून चांगली परीक्षा नाही.

लपलेलं रक्त उघडं पाडणं

आता ते गोरं पिल्लू. काळं जनुक प्रभावी असल्यानं एकेरी काळा पक्षी वर्षानुवर्षं लपून राहतो. दोन एकेरी काळे पक्षी एकत्र आले की साधारण चारांत एक पिल्लू गोरं निघतं. म्हणून काळ्या आईबापांच्या पोटी एक जरी गोरं पिल्लू निघालं, तर दोष दोघांचाही आहे. कोंबडा त्याच दिवशी बाद. आई कोण हे वही सांगेल. सांगत नसेल तर त्या खणाची अंडी कोंबडीवार वेगळी उबवायची वेळ आली.

कोंबड्याची परीक्षा मुद्दाम घेता येते, आणि पैदाशीला लावण्याआधी घ्यावीच. त्याला फिक्या पायाच्या गावरान कोंबड्यांवर सोडा आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांची होऊन नर-मादी ओळखू येईपर्यंत वाढवा. फक्त मुली बघा. मुलगे रोखणाऱ्या जनुकामुळे तसेही फिके पडणार. कोंबडा दुहेरी काळा असेल तर सगळ्या मुली काळ्या. एकेरी असेल तर निम्म्या गोऱ्या. सात मुली झाल्या आणि सातही काळ्या निघाल्या, तर तो एकेरी असूनही असं घडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. एवढी खात्री पुरे. या परीक्षेतली पिल्लं कितीही काळी दिसली तरी संकराचीच आहेत. ती मांसालाच जावीत.

बाद केलेले पक्षी विकताना ‘पैदाशीसाठी नाहीत’ हे सांगून विका. आणखी एक: झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रात वाढवलेला पक्षी कितीही शुद्ध असला तरी त्याचं मांस ‘झाबुआ कडकनाथ’ म्हणून विकता येत नाही.

बाहेरचं रक्त कधी

तीन घराण्यांची ही फेरी नीट चालली तर पहिली काही वर्षं बाहेरचा पक्षी लागत नाही. अंडी फळण्याचं प्रमाण सलग दोन हंगाम घसरलं, किंवा कवचात मरणारी पिल्लं वाढली, आणि खाद्य, ऊन, कोंबड्याचं वय ही कारणं तपासूनही उत्तर मिळालं नाही, तर नवा कोंबडा आणा. महिनाभर वेगळा ठेवा, त्याची भांडी आणि चपलासुद्धा वेगळ्या. मानमोडी अशाच पाहुण्यांबरोबर येते.

त्याला थेट आपल्या खणात सोडू नका. तुमच्या कोंबड्या आता दुहेरी काळ्या आहेत, त्यामुळे नवा कोंबडा एकेरी असला तरी त्यांच्या पोटची सगळी पिल्लं काळीच निघतील, आणि त्याचं बाहेरचं रक्त तिन्ही घराण्यांत शिरेपर्यंत पत्ता लागणार नाही. आधी गावरान कोंबड्यांवरची सात मुलींची परीक्षा. पास झाला तर चौथ्या खणात, ‘ड’ म्हणून, तुमच्या चार-पाच चांगल्या कोंबड्यांबरोबर. त्या पिल्लांची चारही वेळची निवड होऊ द्या. त्यांतले मुलगे एकाच घराण्यात, समजा ‘अ’मध्ये, घाला. ‘ब’ आणि ‘क’ तोवर जसेच्या तसे राहू द्या, म्हणजे काही बिघडलंच तर परतायला जागा आहे.